शिडी रात्री कुठे ठेवतात

चौथ्या सेमिस्टरला कात्रे मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या.
सुबोधला कच्छचा भुंगा, रेश्माला केरळचं घर,
मला अमामी बेटावरचं धान्याचं कोठार :
चार खांबांवर उभं,
पेंढ्याची टोपी कानांवर ओढलेली,
खाली नुसती सावली.
प्रमाण एकास वीस.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत
एकास वीससुद्धा मोठंच झालं.
आईनं पोळपाट शेगडीकडे सरकवला,
कोठार उरलेल्या ओट्यावर उभं राहिलं.
मी केरसुणीच्या काड्या कापून
कणकेच्या खळीनं छप्पर शाकारत बसले.

बाबा साडेनऊला निघायचे.
काठी, बॅटरी, गोणपाट.
रात्रीचे मूषक संहारक, एफ दक्षिण :
पगाराच्या चिठ्ठीवर असंच छापलेलं असतं.
पहाटे तीस मोजून द्यायचे.
एकोणतीस भरले तर रात्र खाड्यात.
शाळेच्या फॉर्मवर, वडिलांच्या धंद्यापुढे,
मी 'महापालिका' एवढंच लिहीत आले.

त्या रात्री एक चप्पल घालून ते थांबले.
बॅटरी कोठारावर मारली, खालून वर,
गटाराच्या तोंडावर मारतात तशी.
"खांब गुळगुळीत पाहिजे."
गुळगुळीतच असतात, मी म्हटलं, मुद्दाम घासतात,
नख धरत नाही.
"गोदीत जहाजाच्या दोरांना पत्र्याची ताटं लावतात. तसं?"
दुसऱ्या बेटांवर लावतात, लाकडाची.
"घरापासून लांब बांधतात?"
हो. घराला आग लागली तर दाणा वाचावा म्हणून.
"शहाणी माणसं," ते म्हणाले,
आणि दुसरी चप्पल शोधता शोधता :
"शिडी रात्री कुठे ठेवतात?"

पुस्तकात तेवढंच नव्हतं.
माझी शिडी तर मी चिकटवून टाकली होती,
आगकाडीच्या सात पायऱ्या,
फोटोत दिसते तशी टेकलेली.

सकाळी छपराची एक बाजू नव्हती.
ओट्यावर काड्यांचा भुगा,
दोन काळ्या लेंड्या,
खांबांवर एक ओरखडा नाही.
मी रडले. सबमिशन परवावर आलेलं.
बाबा आले ते दारातच उकिडवे बसले,
हातसुद्धा धुतले नव्हते.
भुग्याकडे बघत राहिले, मग पायऱ्यांकडे,
मॅडम आमच्या ड्रॉइंगकडे बघतात तसे,
नाक अगदी जवळ नेऊन.
"पिल्लू आहे. खळीच्या वासानं आलं.
ही तिसरी पायरी बघ, इथं घसरलंय,
मग पोट टेकून वर गेलंय."
मला तिसऱ्या पायरीवर काहीच दिसेना.
"वाईट वाटून घेऊ नको. खांब बरोबर केलेस तू.
शिडी लावून ठेवली की बाकी सगळं फुकट."

दोन रात्री लागल्या. या वेळी फेविकॉल.
आईनं चार वाट्यांत पाणी भरून
चारही पाय त्यांत उभे केले,
ती कपाटाचे ठेवते तसेच, मुंग्यांसाठी.
अमामीत वाट्या ठेवत नाहीत, मी म्हटलं.
"अमामीत मी नाही," ती म्हणाली.

मॅडमनी मॉडेल फिरवून पाहिलं.
छप्पर जड झालंय, सावली मात्र जमलीय.
आणि हे काय, शिडी विसरलीस?
विसरले नाही. खिशात आहे.
आत्ता इथे रात्र आहे, मॅडम.
त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.
हे कुठल्या पुस्तकात मिळालं?
मी सांगितलं कोण म्हणालं.
ते काय करतात तेही सांगितलं,
एफ दक्षिणसकट.
बासष्ट मार्क पडले, रेश्माला एकाहत्तर.

आता कोठार कपाटावर असतं.
आत आई वेलदोडे ठेवते,
सणावारी लागतात तेवढे.
साडेनऊला बाबा काठी घेतात, बॅटरीचे सेल दाबून बघतात,
टाचा उंचावून शिडी काढून घेतात
आणि शर्टाच्या खिशात ठेवतात, ओळखपत्रामागे.
परळच्या कुठल्याशा गल्लीत
ती रात्रभर त्यांच्याबरोबर फिरते.
एकदा एक पायरी मोडून आली होती.
सकाळी साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय
ते ती परत टेकवत नाहीत.